डूलॅली: देवळालीच्या छावणीतून इंग्रजी कोशात

प्रश्न थोडक्यात असा आहे: एका इंग्रजी कादंबरीचा मराठी अनुवाद चालू आहे. त्यात एक म्हातारी बाई नातीला सांगते, की ब्रह्मदेशातल्या लढाईवरून परतल्यापासून तुझे आजोबा जरा 'डूलॅली' झाले होते. कोशात अर्थ मिळतो 'वेडा, चक्रम', आणि व्युत्पत्तीच्या जागी देवळालीचं नाव. ही आपली नाशिकची देवळाली का? काही ठिकाणी 'डूलॅली टॅप' असाही प्रयोग दिसतो, त्यातला टॅप म्हणजे पाण्याचा नळ का? आणि मराठीत याला काय म्हणायचं?

देवळाली आपलीच. नळाचा काही संबंध नाही. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र एका शब्दात देता येत नाही, कारण हा शब्द कुणाच्या तोंडी आणि कोणत्या काळात आलाय त्यावर त्याचं वजन बदलतं. मी इंग्रजी-मराठी अनुवादाचं आणि कोशाचं काम करतो. हिंदुस्थानातून इंग्रजीत गेलेले शब्द या कामात रोज भेटतात, आणि त्यांतल्या ज्या शब्दांचा अनुवादात हमखास घोळ होतो त्यांतला हा एक. 'वेडा' लिहिलं की वाक्य निभावून जातं आणि शब्दाचा निम्मा अर्थ गळून पडतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी गाव नक्की करू, कारण देवळाल्या एकाहून जास्त आहेत. राहुरी तालुक्यातली देवळाली प्रवरा इथे नाही. नाशिकरोडला लागून असलेलं जुनं देवळाली गावही नाही. इंग्रजी शब्द निघाला तो भगूरजवळच्या लष्करी छावणीतून, म्हणजे ज्याला आज सगळे देवळाली कॅम्प म्हणतात तिथून. आपल्याला ती तोफखान्यासाठी आणि पारशी-गुजराती मंडळींच्या सॅनिटोरियमसाठी माहीत असते. ब्रिटिश सैनिकाच्या लेखी ती हिंदुस्थानात शिरण्याची आणि बाहेर पडण्याची देवडी होती.

ही छावणी १८६० च्या दशकात वसली. जागा विचार करून निवडलेली होती. थळ घाटातली रेल्वे १८६५ मध्ये सुरू झाली आणि मुंबई बंदर घाटमाथ्याला जोडलं गेलं. देवळाली घाटाच्या वर, मुंबईपासून रेल्वेनं साधारण १८० किलोमीटरवर, हवा कोरडी आणि मुंबईच्या मानानं थंड. बोटीवरून उतरलेल्या हजारो गोऱ्या शिपायांना मुंबईच्या दमट हवेत आणि पटकीच्या धास्तीत ठेवण्यापेक्षा वर पाठवणं सोयीचं होतं. तिथे त्यांची पांगापांग व्हायची: कुणी पेशावर, कुणी मद्रास, कुणी रंगून. परतीच्या वाटेवर पुन्हा तेच ठाणं लागायचं.

खरी भानगड परतीत होती. १८७० च्या कायद्यानं ब्रिटिश सैन्यात अल्पमुदतीची भरती सुरू झाली: काही वर्षं प्रत्यक्ष नोकरी आणि उरलेली राखीव दलात. त्यामुळे मुदत संपून घरी निघालेल्या शिपायांचा ओघ दरवर्षी ठरलेला. पण त्यांना नेणारी जहाजं बारमाही नव्हती. क्रोकोडाइल, युफ्रेटिस, जमना, मलबार आणि सेरापिस ही पाच खास सैनिकवाहू जहाजं १८६० च्या दशकाच्या उत्तरार्धात बांधली गेली आणि पोर्ट्समथ-मुंबई अशा फेऱ्या करू लागली. यांतलं एक चक्क आपल्या यमुनेच्या नावाचं. फेऱ्यांचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च. तांबड्या समुद्रातला उन्हाळा आणि अरबी समुद्रातला पावसाळा टाळायचा म्हणून. ज्याची मुदत या हंगामाच्या हिशेबात नीट बसली नाही, तो अडकला.

अडकला म्हणजे काय, हे फ्रँक रिचर्ड्स या साध्या शिपायानं लिहून ठेवलंय. हा वेल्समधला, खाणीत काम केलेला माणूस. रॉयल वेल्श फ्युझिलिअर्स या पलटणीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीची काही वर्षं त्यानं हिंदुस्थानात आणि ब्रह्मदेशात काढली. त्याचं 'ओल्ड सोल्जर साहिब' हे पुस्तक १९३६ मध्ये आलं. त्यात देवळालीचा जो परिच्छेद आहे तो या शब्दाच्या अभ्यासकाला पाठच असतो. तो सांगतो, की मुदत संपलेल्यांना इथे बोटीची वाट बघत काही वेळा महिनेच्या महिने काढावे लागत. त्यांच्याकडे ना शस्त्र, ना सरंजाम. अधूनमधून सामानाची तपासणी व्हायची, कधीतरी लांब पल्ल्याची कवायती चाल. बाकी दिवस खायला उठायचा. ज्यांच्या नावावर अख्ख्या नोकरीत एक ठपका नव्हता असे शिपाई इथे येऊन काहीतरी उद्योग करून बसायचे आणि घराऐवजी तुरुंगात जायचे. काहीजण गुप्तरोग घेऊन इस्पितळात. कुणी विचित्र वागायला लागलं, की पलटणीत म्हणायचे, याला 'डूलॅली टॅप' झालाय.

या परिच्छेदात एक बारीक गोष्ट आहे जी पुढे उद्धृत करणारे बहुतेक गाळतात. छावणीतल्या कंटाळ्यानं माणसं विचित्र वागत, त्यातून ही म्हण निघाली, असं सांगताना रिचर्ड्स मध्येच 'मला वाटतं' असे शब्द घालतो. तो साक्षीदार म्हणून बोलत नाहीये, तर्क करतोय. तो हिंदुस्थानात आला तेव्हा म्हण पलटणीत रुळलेलीच असणार. कोशकाराच्या दृष्टीनं ते 'मला वाटतं' मोलाचं आहे, कारण म्हण त्याच्या आधीची आहे हे त्यातून सूचित होतं आणि त्याचं स्पष्टीकरण कितपत ओढायचं तेही कळतं. तरी मला ते बव्हंशी पटतं, कारण जहाजांच्या हंगामाशी ते नेमकं जुळतं.

याच्या विरुद्ध एक लोकप्रिय कथा आहे: देवळालीत म्हणे सैनिकांसाठी वेड्यांचं मोठं इस्पितळ होतं, म्हणून गावाचं नाव वेडाला चिकटलं. ही कथा इतकी पसरली याचं कारण तसे दाखले ढीगभर आहेत. इंग्रजीत गोंधळ-गदारोळाला 'बेडलम' म्हणतात, तो लंडनच्या बेथलेम वेड्यांच्या इस्पितळाच्या नावाचा अपभ्रंश. आपण कुणाला 'येरवड्याला पाठवा' किंवा 'ठाण्याला भरती करा' म्हणतो तेही त्याच जातीचं. तेव्हा देवळालीलाही इस्पितळ असणारच, असा अंदाज पटकन बांधला जातो. पण एकोणिसाव्या शतकातली व्यवस्था वेगळी होती. मुंबईतलं वेड्यांचं इस्पितळ कुलाब्याला होतं. मनानं खचलेल्या गोऱ्या शिपायाला शक्य तर मायदेशी पाठवायचे, आणि साउदॅम्प्टनजवळ नेटली इथल्या लष्करी रुग्णालयात १८७० पासून त्यांच्यासाठी वेगळी इमारतच होती. पंजाबातून निघालेला असा रुग्ण मुंबईच्या बोटीपर्यंत जाताना इतरांसारखाच देवळालीत थांबला असणार. म्हणजे छावणीत खरोखरचे मनोरुग्ण दिसत असणं शक्य आहे, पण तेही वाट बघणाऱ्यांतलेच. इस्पितळाच्या कथेला मी म्हणूनच दुय्यम धरतो. बेडलम आणि येरवडा यांत माणूस आधी वेडा होतो आणि मग तिथे जातो. देवळालीला तो शहाणा जातो.

आता उच्चार. देवळाली, इंग्रजी लेखनात डी-ई-ओ-एल-ए-एल-आय. मुळात वकार गेला, ळ गेला, आणि शिपायाच्या जिभेवर 'देव' चा झाला 'डू'. जोर दुसऱ्या अक्षरावर सरकला आणि 'लाली' ची 'लॅली' झाली. खडकीची किर्की आणि ठाण्याची टॅना करणाऱ्यांना हे जड नव्हतं. काहीजण डूलॅलीचा संबंध 'डूली' शी लावतात, ते बरोबर नाही. डूली म्हणजे आपली डोली, जखमींना वाहून नेणारी. तिच्यावरून हॉब्सन-जॉब्सन या १८८६ च्या प्रसिद्ध कोशात एक मासलेवाईक किस्सा दिलाय: पार्लमेंटमधल्या कुणा वक्त्यानं म्हणे आवेशात सांगितलं, की क्रूर डूली डोंगरावरून धावून आले आणि जखमींना पळवून घेऊन गेले. त्याला वाटलं डूली ही रानटी टोळी आहे. किस्सा मजेशीर आहे, पण त्या डोलीचं आणि आपल्या शब्दाचं काही नातं नाही.

टॅपची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आणि माझ्या मते जास्त रंजक. कोश सांगतात, टॅप म्हणजे ताप. देवळालीचा ताप. मराठी माणसाला हे ऐकताक्षणी पटतं, कारण आपल्याकडे ताप अंगालाही येतो आणि डोक्यालाही होतो. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशातही उष्णता, ज्वर आणि मनाला लागलेला त्रास असे अर्थ एकाखाली एक दिलेले आहेत. पण पटलं म्हणून सिद्ध झालं असं नाही. गोऱ्या शिपायाची कामचलाऊ भाषा मराठी नव्हती, हिंदुस्तानी होती, आणि हिंदुस्तानीत ज्वराला फारसी वळणाचा ऱ्हस्व 'तप' आहे. हिंदीतल्या क्षयरोगाच्या 'तपेदिक' मध्ये तो अजून जिवंत आहे. संस्कृत ताप आणि फारसी तप ही दोन्ही एकाच जुन्या धातूची पिलावळ. इंग्रजीत कोमट या अर्थाचा 'टेपिड' आहे, तोही लॅटिनमार्गे त्याच घरचा.

अडचण अशी, की ध्वनीचा हिशेब दोन्हीकडून नीट लागत नाही. हिंदुस्तानीतला ऱ्हस्व अ इंग्रजाच्या कानाला 'कट' मधल्या स्वरासारखा ऐकू यायचा. पक्काचं 'पका' झालं आणि इंग्रजीत ते यू घालून लिहिलं गेलं. त्या न्यायानं तपचा 'टप' व्हायला हवा होता. दीर्घ आ दीर्घच राहायचा, चहाच्या 'चा' चा शिपायांनी 'चार' केला. त्या न्यायानं तापचा 'टार्प' व्हायला हवा होता. झाला मात्र 'टॅप', म्हणजे इंग्रजीत आधीपासून असलेला शब्द: हलकी ठोक, टपली. डोक्यावर टपली बसून माणूस भ्रमिष्ट झाला, हे चित्र इंग्रजी कानाला ओळखीचं वाटलं असणार आणि त्यानंच परक्या शब्दाला आपल्या साच्यात बसवलं. असं वारंवार होतं. शब्द उचलणारा मूळ अर्थ विचारत बसत नाही, त्याला जवळचं काय ऐकू येतं ते तो धरतो.

छावणीतला हा शब्द ब्रिटनच्या घराघरांत पोचला तो पहिल्या महायुद्धातून. १९१४ च्या आधी तो सैन्याच्या भिंतीआडचा होता. मग लाखो कारकून, खाणकामगार, शेतमजूर पलटणीत भरती झाले, आणि त्यांना कवायत शिकवायला उभे होते हिंदुस्थानात वर्षं काढलेले जुने सार्जंट. त्यांच्या बोलीतून विलायतीचं 'ब्लायटी', खुशीचं 'कुशी', बक्षीसचं 'बकशी', देखोचं 'डेको' हे सगळं नव्या शिपायांनी उचललं आणि घरी नेलं. युद्धानंतर, १९२५ मध्ये फ्रेझर आणि गिबन्स यांनी सैनिक आणि खलाशांच्या शब्दांचा कोश छापला. कोशकार या शब्दासाठी आजही त्या नोंदीचा आधार घेतात. नोंद ओळभराची आहे: देवळालीचं नाव, त्याचं डूलॅली हे रूप, अर्थ 'वेडा, डोकं फिरलेला', आणि शेवटी शिक्का, 'जुनी आर्मी'. त्यात ज्वर नाही, छावणी नाही, बोट तर नाहीच. शिवाय 'जुनी आर्मी' म्हणताना संपादकांना तो शब्द तेव्हाच आधीच्या पिढीचा वाटत होता हेही दिसतं.

पुढचा बदल व्याकरणातला. 'डूलॅली टॅप' हे नाम होतं, रोगाचं नाव: अमक्याला डूलॅली टॅप झालाय. हळूहळू टॅप गळला आणि डूलॅली एकटं उरलं, तेही विशेषण म्हणून: अमका डूलॅली झालाय. फरक किरकोळ वाटेल, पण नाम होतं तोवर ती माणसाला बाहेरून लागलेली, कदाचित बरी होणारी गोष्ट होती. विशेषण झाल्यावर ती त्या माणसाची जात झाली. गावाचं नाव तर आता कुणाला ऐकूही येत नाही. इंग्रजी वाचकाला डूलॅली हा निव्वळ नादावर बेतलेला गमतीचा शब्द वाटतो. तो टिकला यात त्या लडिवाळ नादाचा मोठा वाटा आहे असं मला वाटतं.

दुसऱ्या महायुद्धात देवळाली पुन्हा गजबजली. या खेपेला आलेले बरेचसे सक्तीच्या भरतीतले तरुण होते. शब्द त्यांनी घरी बापाच्या किंवा काकाच्या तोंडून ऐकलेला, आणि आता गाडीतून उतरल्यावर फलाटावर पाटी तीच. १९४५ मध्ये युद्ध संपलं तरी घरी न्यायला पुरेशी जहाजं नव्हती. जुनाच त्रास मोठ्या प्रमाणावर झाला. जानेवारी १९४६ मध्ये रॉयल एअर फोर्सच्या हिंदुस्थानातल्या तळांवर जवानांनी जे काम बंद पाडलं आणि ज्याची सुरुवात कराचीच्या ड्रिग रोड तळावर झाली, त्याच्या मुळाशी घरी पाठवायला होणारा उशीरच होता. तुमच्या कादंबरीतले आजोबा याच पिढीचे दिसतात, म्हणून हा तपशील लक्षात ठेवा.

त्यानंतर शब्दाची धार बोथट होत गेली. बीबीसीवर १९७४ ते १९८१ या काळात सैनिकांच्या नाटक कंपनीवरची एक विनोदी मालिका चालली, तिची सुरुवातीची कथा १९४५ च्या देवळालीत घडते. तिच्या दोन लेखकांपैकी एक, जिमी पेरी, स्वतः तरुणपणी देवळालीच्या तोफखान्यातल्या अशाच मंडळात होता. गोऱ्या नटाला रंग फासून हिंदुस्थानी पात्र करायला लावल्याबद्दल मालिकेवर पुढे टीका झाली, ती योग्यच होती. पण देवळाली हे नाव ब्रिटिश दिवाणखान्यात नेण्याचं काम तिनं केलं. आज ब्रिटनमध्ये मोटारीतलं रस्ता दाखवणारं यंत्र भलतीकडे न्यायला लागलं तर ते डूलॅली झालं म्हणतात, सवलतींच्या हंगामात गिऱ्हाईक डूलॅली होतं, हवामानही होतं. अमेरिकेत हा शब्द फारसा चालत नाही. आपल्याकडे तो उलट्या वाटेनं आला: २००९ मध्ये पुण्यात बिअर गाळणारी याच नावाची ब्रुअरी निघाली, आणि पुण्या-मुंबईतल्या बऱ्याच तरुणांनी डूलॅली प्रथम ऐकलं ते तिथे. त्यातली देवळाली त्यांना कुणीतरी सांगावी लागते.

एक सावधगिरी. हा शब्द वयस्क माणसांच्या विसराळूपणाबद्दलही सर्रास वापरला जातो, आणि स्मृतिभ्रंशाच्या खऱ्या रुग्णाबद्दल कुणी तो वापरला तर आज अनेकांना तो खुपतो. डॉक्टरच्या तोंडी तो कधीच येणार नाही. घरच्या माणसाच्या तोंडी येतो तेव्हा त्यात लाडिक झाकपाक असते. म्हणून 'वेडा', 'मनोरुग्ण', 'वेडसर' हे तिन्ही शब्द मी टाळतो. त्यांत निदान आहे, डूलॅलीत ते नाही.

मग लिहायचं काय? यंत्राबद्दल असेल तर 'बिथरलं' किंवा 'येड्यासारखं करायला लागलं' चालतं. चालू काळातल्या माणसाबद्दल, हलक्या सुरात, 'सटकलाय', 'डोकं फिरलंय', किंवा पात्राची बोली तशी असेल तर 'येडचाप'. पण १९०० च्या आसपासच्या बराकीतला शिपाई 'डूलॅली टॅप' म्हणत असेल, तर तिथे मी बेलाशक 'देवळालीचा ताप' लिहितो. बोलणाऱ्याला गाव माहीत आहे, ऐकणाऱ्याला माहीत आहे, आणि मराठी वाचकालाही माहीत आहे. ही सोय इंग्रजी वाचकाला आता उरलेली नाही. आपल्याला फुकट मिळालीय ती का सोडायची?

तुमचं वाक्य या दोन्हींच्या मधलं आहे. आजी १९०० मधली शिपाई नाही. तिला देवळाली माहीत असायचं कारण नाही, तिच्या दृष्टीनं तो रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. तिथे 'देवळालीचा ताप' घातला तर तिच्या तोंडी तिला नसलेली माहिती घातल्यासारखं होईल. दुसरीकडे, ती नातीला सांगतेय आणि नवऱ्यावर तिची माया आहे, तेव्हा 'डोकं फिरलं होतं' फारच रोखठोक होतं. मी असं लिहीन: 'ब्रह्मदेशातून आले आणि तेव्हापासून तुझ्या आजोबांचं जरा बिनसलंच होतं बघ.' 'बिनसलं' मध्ये रोगाचं नाव नाही, दोष आजोबांचा नाही, आणि बाहेर काहीतरी घडून आल्याचा जुना अर्थही थोडासा वाचतो. पुढे कादंबरीत आजोबा खरंच बोटीची वाट बघत देवळालीत अडकल्याचा उल्लेख येत असेल, तर मात्र तिथे गावाचं नाव ठसठशीत येऊ द्या, आणि त्याच पानावर एखादं पात्र हा शब्द पुन्हा वापरत असेल तर मूळ 'डूलॅली' देवनागरीत तसाच ठेवा. तळटीप देऊ नका. प्रकाशकानं आग्रहच धरला तर एक ओळ पुरे: देवळालीच्या छावणीवरून, तिथे बोटीची वाट बघून कावलेल्या गोऱ्या शिपायांच्या बोलीतला शब्द.